लाल दिवा कधी लागतो, कधी विझतो : जुन्या मोटारीच्या चार्जिंगचे दुखणे



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातल्या मोटारींचे पुण्याला हेलपाटे वाढतात. कोणाचे साखर संकुलात काम असते, कोणाला मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बेण्याची चौकशी करायची असते, कोणाचे पेशंट पुण्यात ॲडमिट असते, तर कोणाच्या मुलाला वसतिगृहावर सोडायचे असते. या गाड्यांत नव्या कोऱ्या आहेत, तशा वडिलांच्या हातच्या जुन्याही पुष्कळ आहेत. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षे उलटली, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या, मारुती ८०० आणि अँबॅसिडर दोन्ही २०१४ साली बंद झाल्या; पण आपल्याकडे गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये या तिन्ही गाड्या अजून सुखाने नांदताहेत. एकेकाळी चेअरमनसाहेबांची अँबॅसिडर आणि शेतकी खात्याची जीप म्हणजे कारखान्याची शान होती. त्यातली एखादी आज सभासदाच्या दारात असली, तर तिला मोडीत घालवत नाही हे आम्ही समजू शकतो.

या जुन्या गाड्यांबद्दल गेल्या काही दिवसांत आमच्याकडे एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी आली. "चार्जिंग कधी होतं, कधी होत नाही." सकाळी गाडी एका चावीत चालू होते, संध्याकाळी पुण्यात सिग्नलला बंद पडली की नुसते टक टक करते. गॅरेजला नेली की सगळे ठीक! मिस्त्री म्हणतो, "मालक, काही नाही, बॅटरी बदला." बॅटरी बदलली की दोन महिने बरे, पुन्हा तेच. आजार रेड्याला आणि डाग पखालीला, अशातला हा प्रकार आहे. म्हणून पुण्याच्या एका फेरीत आम्ही मुद्दाम वेळ काढून नाना पेठेत गेलो. मोटारीच्या सुट्या भागांची पुण्यातली जुनी बाजारपेठ ती हीच. तिथल्या दोन-तीन जुन्या जाणत्या वायरिंगवाल्या मिस्त्रींशी बोललो, थोडे वाचले, थोडे आपल्या इलेक्ट्रिक खात्याला विचारले, आणि त्यातून जे हाती आले ते इथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट ही, की बॅटरी वीज तयार करत नाही. बॅटरी म्हणजे धान्याची कणगी. गाडी चालू करताना स्टार्टर त्यातून एकदम शे-दीडशे अँपिअर, कधी त्याहून जास्त, ओरपतो. नंतर इंजिन चालू असताना डायनामो किंवा अल्टरनेटर ती कणगी पुन्हा भरतो आणि दिवे, हॉर्न, इग्निशन यांचा रोजचा खर्चही भागवतो. कणगी रिकामी सापडली म्हणून कणगीला दोष देण्यात अर्थ नाही. मळणी झाली का, धान्य घरापर्यंत पोचले का आणि रात्री कोणी चोरून नेते का, हे तीन प्रश्न आधी विचारायचे. चिंचवडला बॅटरीचा मोठा कारखाना १९६९ पासून आहे, पुण्यात बॅटऱ्यांना तोटा नाही. तोटा आहे तो मीटर लावून बघणाऱ्यांचा.

अल्टरनेटर कसा चालतो हे आपल्या सभासदांना सांगणे तसे सोपे आहे, कारण त्याचा थोरला भाऊ आपल्या कारखान्याच्या पॉवर हाउसमध्येच बसलेला आहे. तिथे बगॅस जाळून केलेल्या वाफेवर टर्बाइन फिरते, टर्बाइनला जोडलेल्या अल्टरनेटरमध्ये फिरत्या चुंबकाला बाहेरून थोडा करंट द्यावा लागतो, त्याला आपले लोक एक्सायटेशन म्हणतात, आणि मग बाजूच्या गुंडाळ्यांतून थ्री फेज वीज निघते. मोटारीतही हुबेहूब तसेच आहे. फक्त वाफेऐवजी इंजिनवरचा पट्टा फिरवतो, चुंबकाला करंट दोन छोट्या कार्बन ब्रशांमधून मिळतो, आणि निघालेली थ्री फेज वीज सहा डायोडांच्या प्लेटमधून जाऊन डीसी होते, कारण बॅटरीत एसी साठवता येत नाही. किती व्होल्ट द्यायचे हे रेग्युलेटर ठरवतो.

डायनामोची गोष्ट थोडी निराळी. तो सरळ डीसी देतो. बॅटरीतली वीज उलटी डायनामोत जाऊ नये म्हणून कटआउटची डबी लागते, आणि मंद गतीवर तो जवळजवळ काहीच देत नाही. ब्रिटिश घडणीच्या डायनामोची जास्तीत जास्त ताकद वीस-बावीस अँपिअर. मात्र त्याचा एक गुण आहे. त्याच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहते, म्हणून तो स्वतःच्या बळावर उठतो. अल्टरनेटरला सुरुवातीला बॅटरीकडून उसना करंट घ्यावा लागतो. हा उसना करंट डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातूनच जातो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि पुष्कळशा घोटाळ्यांचे मूळ इथेच आहे.

चावी फिरवली आणि इंजिन अजून चालू केले नाही, अशा वेळी लाल दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला, तर आनंद मानू नका. एक तर बल्ब गेला आहे, नाही तर वायर तुटली आहे, नाही तर अल्टरनेटरचे ब्रश झिजून टेकेनासे झाले आहेत. बल्ब गेला की अल्टरनेटरला उसना करंट मिळत नाही आणि तो झोपून राहतो. मग गावाकडून निघताना जोरात रेस दिली की लोखंडातल्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर तो कसाबसा जागा होतो आणि पुण्यापर्यंत झक्क चार्ज करतो. पुण्यात कामे करताना गाडी चार वेळा बंद-चालू होते, रेस कुठेच लागत नाही, आणि तो पुन्हा झोपतो. मालक म्हणतो, "रस्त्याला चांगली चालते, शहरात बिघडते." अलीकडे आणखी एक नवे खूळ निघाले आहे. डॅशबोर्डचे जुने बल्ब काढून तिथे एलईडी बसवतात. उजेड छान पडतो, पण एलईडीतून इतका थोडा करंट जातो की अल्टरनेटर उठतच नाही. चार्जिंगच्या दिव्याला जुनाच, तारेचा, दोन-तीन वॅटचा बल्ब ठेवावा.

आता पुण्याच्या रस्त्याचा हिशोब करू. पाऊस आहे, दिवेलागण झाली आहे, हडपसरपासून पुढे गाडी मुंगीच्या पावलाने सरकते आहे. हेडलाइटचे ४५ वॅटचे दोन बल्ब धरले तर ९० वॅट, म्हणजे बारा व्होल्टला साडेसात अँपिअर. मागचे दिवे, नंबर प्लेट आणि डॅशबोर्ड मिळून दीड-दोन. वायपर तीनेक. इग्निशन तीनेक. म्हणजे पंधरा अँपिअर खर्च चालू आहे, आणि इंजिन मंद असल्याने डायनामोची मिळकत जवळजवळ शून्य. चाळीस अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी भरलेली असेल तर हाती वीस. सव्वा-दीड तासात खडखडाट! यात बिघाड कुठलाच नाही, नुसता जमाखर्च जुळत नाही. त्यातून कोणी हौसेने १०० वॅटचे हॅलोजन बसवले असतील तर नुसत्या हेडलाइटचेच सोळा-सतरा अँपिअर होतात. डायनामोच्या गाडीला हा भार म्हणजे खोंडाला दोन गाड्यांचे जू लावण्यासारखे आहे. अशा गाडीच्या मालकाने मिस्त्रीकडे जाण्याआधी ते बल्ब काढावेत.

पण हिशोब जुळतो आणि तरीही चार्जिंग धरसोड करते, तेव्हा खरा शोध सुरू होतो. कायमचा बंद पडलेला अल्टरनेटर कोणीही ओळखेल. अधूनमधून रुसणारा पकडायचा तर तो रुसलेला असतानाच पकडावा लागतो. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर तो सापडत नाही, म्हणून मिस्त्री अंदाजाने भाग बदलतो. त्याचाही सर्वस्वी दोष नाही, आपण त्याला माहितीच देत नाही. नाना पेठेतल्या एका वयस्क मिस्त्रींनी, ज्यांना सगळा बाजार चाचा म्हणतो, आम्हाला सांगितले, "साहेब, गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, चार्जिंग बघा. मी म्हणतो, डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणता का? कुठं, कधी, काय खाल्ल्यावर, ते सांगा की."

म्हणून आमची पहिली सूचना अशी, की गाडीत एक वही ठेवावी आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर एक व्होल्टमीटर. छोटे डिजिटल मीटर आता मोटारीच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. सिगारेट लायटरचे भोक नसलेल्या गाडीला फ्यूज घालून दोन वायरी काढून लावता येतात. आकडे पाठ करावेत. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते तेव्हा ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली म्हणजे तळ गाठला. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की १३.८ ते १४.४. तेरालाही पोचत नसेल तर चार्जिंग नाही. पंधरावर गेले तर जास्त चार्ज होते आहे, बॅटरीचे पाणी उकळून आटेल आणि बल्ब उडतील; तो रेग्युलेटरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा दोष.

मीटर खाली आला की वहीत चार गोष्टी लिहाव्यात : इंजिन गार होते की तापलेले, रस्ता गुळगुळीत होता की खड्ड्यांचा, पाऊस होता का, दिवे लावलेले होते का. आठ-दहा नोंदी झाल्या की दुखणे आपण होऊन बोलायला लागते. गार असताना चांगले आणि अर्ध्या तासाने तापल्यावर बंद, असे असेल तर रेग्युलेटर किंवा आतली गुंडाळी. तापल्यावर धातू पसरतो आणि तुटका सांधा उघडतो. खड्ड्यात दिवा लुकलुकला तर सैल वायर, सैल फ्यूज किंवा झिजलेले ब्रश. पद्मिनीचे बंदुकीच्या गोळीसारखे फ्यूज त्यांच्या पत्र्याच्या चिमट्यात सैल होतात आणि त्यावर गंज धरतो. नुसते बोटाने फिरवले तरी पुष्कळदा काम होते, पण तो उपाय आठ दिवसांचा. चिमटे घासून, आवळून घ्यावेत. पावसात किंवा धुतल्यावर बंद, सोबत कुईं असा आवाज, म्हणजे पट्टा घसरतो आहे. आणि दिवे लावल्यावरच मीटर ढासळत असेल, तर कुठल्या तरी सांध्यात अडथळा आहे किंवा डायोड प्लेटमधला एखादा डायोड गेला आहे.

पट्ट्याचे काम घरी होण्यासारखे आहे. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबला तर सैल, अजिबात दबला नाही तर बेअरिंग खाईल. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल तर ताणून उपयोग नाही, पट्टाच बदलावा. नुसता ताणत राहिल्याने चांगले बेअरिंग गमावलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

सांध्यातला अडथळा मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि आमच्या मते निम्म्याहून अधिक धरसोडीचे कारण तेच असते. डीपीपासून लांब असलेल्या विहिरीवरच्या मोटरला व्होल्टेज कमी मिळते, हे आपल्या सभासदांना सांगायला नको. वायरमध्येच दाब खाऊन जातो. मोटारीत अंतर हातभर असते, पण करंट मोठा असतो. समजा एका गंजलेल्या लगमध्ये फक्त एक दशांश ओहम अडथळा आला. त्यातून वीस अँपिअर जाऊ लागले की तिथेच दोन व्होल्ट खाल्ले गेले. अल्टरनेटर १४.२ देतो आहे, बॅटरीला पोचतात १२.२, म्हणजे बॅटरीत थेंबही जात नाही. मिस्त्री अल्टरनेटरवर मीटर लावतो, "हा तर बरोबर आहे." बॅटरीवर लावतो, "बॅटरी खराब." दोघेही निर्दोष, आणि चोर मध्येच बसलेला! त्या सांध्यात वीस गुणिले दोन, म्हणजे चाळीस वॅटची उष्णता तयार होते. म्हणून अर्धा तास दिवे लावून गाडी चालवल्यावर इंजिन बंद करून एकेक सांधा जपून हाताने चाचपला तर चोर गरम लागतो.

मीटरने पकडायचा तर असे करावे. इंजिन चालू, मध्यम रेस, हेडलाइट लावलेले. मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर, म्हणजे वायरीच्या दोन टोकांना. मीटरने पाव व्होल्टच्या आत दाखवावे. मग एक सुई अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर. तिथेही तेवढेच किंवा त्याहून कमी. जिथे आकडा मोठा, तो रस्ता खराब. त्या रस्त्यातला एकेक सांधा मध्ये घेत गेले की गुन्हेगार हाती लागतो. हे करताना पंखा आणि पट्टा फिरत असतो, तेव्हा उपरणे, मफलर, साडीचा पदर, लांब बाह्या दूर ठेवाव्यात. बोटातली अंगठी आणि मनगटातले घड्याळ काढून ठेवावे. पाना एकाच वेळी प्लसला आणि बॉडीला लागला तर अंगठी लाल होते. ही अतिशयोक्ती नाही.

आता एका सभासदांची हकीकत सांगतो. गाडी पद्मिनी. पूर्वीच्या मालकाने मूळचा डायनामो काढून अल्टरनेटर बसवलेला. चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या आणि एक अल्टरनेटर बदलून झाला होता. जानेवारीत आईला पुण्यातल्या दवाखान्यात दाखवून रात्री परतताना दिवे पिवळे पडत गेले, आणि दिवे घाटाच्या पुढे ते मेणबत्तीइतके उरले. समोर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्याखाली झाकलेला. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि ऊस यांच्यात पाच-सहा हात अंतर होते. म्हातारी मागच्या सीटवर झोपलेली, तिला काही कळलेही नाही. चार्जिंगचे दुखणे म्हणजे नुसता सकाळी धक्का मारण्याचा त्रास, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या भागात हंगामाचे पाच महिने रात्रीच्या रस्त्यावर बिनदिव्याची बैलगाडी आणि ट्रॉली असणारच, असे धरूनच गाडी चालवावी लागते. (ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावणे हे ट्रॉलीवाल्याचे काम आहेच, पण तो लेख वेगळा.)

ही गाडी शेवटी नाना पेठेत चाचांकडे गेली. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारले, "स्टार्टर मारताना चोकची वायर गरम होते का?" सभासद चकित! चोकची वायर मागे एकदा धुरकटलेली त्यांनी पाहिली होती, पण चोकचा आणि चार्जिंगचा काय संबंध, म्हणून कोणाला सांगितली नव्हती. संबंध असा. बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो, आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते. इंजिन आणि बॉडी यांना विजेच्या दृष्टीने जोडणारी एकच तांब्याची विणलेली पट्टी असते. ती पट्टी तेलाने माखून, गंजून, बहुतेक तारा तुटून नावापुरती उरली, की करंट परत जायला दुसरी वाट शोधतो. मग तो चोकच्या तारेतून, ॲक्सिलरेटरच्या तारेतून, मिळेल तिथून जातो. स्टार्टरचा शेकडा अँपिअर करंट चोकच्या बारीक तारेतून गेल्यावर ती तापणार नाही तर काय? आणि इंजिन हलेल तशी ती तुटकी पट्टी कधी टेकते, कधी टेकत नाही, म्हणून दुखणेही कधी आहे, कधी नाही. चाचांनी एक सुई इंजिनच्या लोखंडावर आणि एक बॅटरीच्या मायनसवर धरून स्टार्टर मारायला सांगितला. मीटरने दोन व्होल्टच्या पुढे दाखवले. तिथे पाव व्होल्टच्या आसपास हवे. नवी पट्टी आणली, बॉडीवरचा रंग वाळूच्या कागदाने घासून चकचकीत पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून थोडे ग्रीस. एवढेच. बदललेला पहिला अल्टरनेटर सभासदांनी नशिबाने फेकला नव्हता. तो बेंचवर फिरवून पाहिला तर ठणठणीत निघाला, आता स्पेअर म्हणून घरी ठेवला आहे.

त्याच गाडीत आणखी एक गोष्ट सापडली, आणि ज्यांनी डायनामो काढून अल्टरनेटर बसवला आहे त्या सर्वांनी ती तपासावी. अल्टरनेटर पस्तीस-चाळीस अँपिअरचा, पण त्यापासून बॅटरीपर्यंतची वायर जुनीच, वीस अँपिअरच्या हिशोबाची, आणि करंट अजूनही जुन्या कटआउटच्या डबीतून फिरून जात होता. डबीचे त्यात काही कामच उरलेले नव्हते. अशी वायर तापते, तिचे प्लॅस्टिक मऊ होते, आणि एखाद्या दिवशी धूर निघतो. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत सरळ नवी जाड वायर टाकावी आणि दोन्ही टोकांचे लग नीट दाबून घ्यावेत. नुसते पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा म्हणजे पुढच्या वर्षीच्या दुखण्याची पेरणी.

डायनामोवाल्यांसाठी जुन्या मिस्त्रींची एक परीक्षा सांगण्यासारखी आहे. डायनामोच्या 'डी' आणि 'एफ' या दोन्ही टर्मिनलच्या वायरी काढायच्या, डायनामोवरची ती दोन टर्मिनल एका तारेने एकमेकांना जोडायची, तिथे आणि डायनामोच्या अंगावर मीटर लावायचा, आणि इंजिन मंद गतीवरून हळूहळू वाढवायचे. काटा सरसर वीस व्होल्टपर्यंत गेला तर डायनामो निर्दोष. दोष कटआउटच्या डबीत किंवा वायरीत. वीसच्या पुढे नेऊ नये. एखादा व्होल्टच दाखवत असेल तर फील्डची गुंडाळी, चार-पाच व्होल्टवर अडला तर आर्मेचर, आणि काटा हललाच नाही तर ब्रश बघावेत. ब्रश त्यांच्या घरात कार्बनच्या धुळीने अडकून बसणे हे तर डायनामोच्या धरसोडीचे नेहमीचे कारण. पेट्रोलच्या फडक्याने कम्युटेटर पुसून, ब्रश मोकळे केले की पुष्कळ डायनामो पुन्हा तरुण होतात. फक्त पेट्रोल पूर्ण उडून गेल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

मात्र डायनामोच्या काळातली एक सवय अल्टरनेटरच्या गाडीत जीवघेणी आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल उपसायचे, इंजिन चालू राहिले तर चार्जिंग आहे असे समजायचे. आपल्याकडे अजून कित्येक ड्रायव्हर मोठ्या ऐटीत हे करून दाखवतात. अल्टरनेटरला बॅटरीचा आधार अचानक सुटला की व्होल्टेज उसळते आणि डायोड, रेग्युलेटर, आणि गाडी मारुतीसारखी थोडी नवी असेल तर तिचा इलेक्ट्रॉनिक भागही जातो. चार्जिंग तपासताना म्हणून चार्जिंग घालवून बसण्याचा हा हमखास मार्ग! मीटर आता शे-दोनशे रुपयांचा झाला असताना याची गरजही उरलेली नाही. तसेच बॅटरी उलटी जोडली तर डायोड डोळ्याचे पाते लवायच्या आत जातात. जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असे, तेव्हा अशा गाडीत हात घालण्याआधी नीट पाहून घ्यावे.

रात्रीच्या चोरीचे पाहायचे राहिले. दिवसा मीटर १४ दाखवतो आणि सकाळी बॅटरी मेलेली, असे असेल तर उभ्या गाडीत करंट कुठे तरी वाहतो आहे. सगळे बंद करून मायनसचे टर्मिनल काढावे आणि टर्मिनल व बॅटरी यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर ठेवून जोडावा. अशा वेळी स्टार्टर मारू नये, मीटर जळेल. जुन्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. घड्याळ किंवा टेप असेल तर थोडासा, पन्नास मिलिअँपिअरच्या आत. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे, ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वाटेवर चोर. सगळे फ्यूज काढूनही पडत नसेल तर अल्टरनेटरची वायर काढून बघावी. डायोड आतून शॉर्ट झाला की बॅटरी रात्रभर अल्टरनेटरमध्येच रिकामी होते. कधीकधी चावी बंद असतानाही लाल दिवा काजव्यासारखा मंद दिसतो, तो याचाच पुरावा.

बॅटरीची राखण मात्र बायामाणसांनाही घरच्या घरी करता येते. टर्मिनलवर साचणारी पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवावी, पण ते पाणी झाकणांतून सेलमध्ये जाऊ देऊ नये. टर्मिनल घासून घट्ट बसवावे आणि मग वरून व्हॅसलिन लावावे. आधी व्हॅसलिन आणि मग आवळणे, हे उलटे काम झाले. सेलमध्ये फक्त डिस्टिल्ड वॉटर, पट्ट्या बुडतील इतके. ॲसिड कधीही घालू नये, विहिरीचे पाणी तर नाहीच. बॅटरी चार्ज होताना ज्वालाग्राही वायू सुटतो, तेव्हा बिडी-काडी लांब. आणि निम्मी उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर पट्ट्यांवर सल्फेट कडक होऊन बसते, मग कितीही चार्जिंगला लावा, ती पूर्वीसारखी होत नाही. वर सांगितलेल्या सभासदांच्या दोन्ही बॅटऱ्या अशाच गेल्या. त्या मूळच्या खराब नव्हत्या, उपाशी मेल्या.

पुण्याला गाडी न्यायची झाली तर शक्यतो दुखणे चालू असतानाच न्यावी, वही सोबत असावी, आणि कुठलाही भाग बदलण्याआधी जुना भाग बेंचवर फिरवून दाखवा म्हणावे. अल्टरनेटर मोटरवर फिरवून दिव्यांचा भार टाकून बघायला फार वेळ लागत नाही. पुष्कळदा नुसते ब्रश, बेअरिंग किंवा रेग्युलेटर बदलून काम भागते. अख्खा अल्टरनेटर घ्यावा लागत नाही. बदललेला जुना भाग मागून घ्यावा, तो आपल्या मालकीचा आहे. अर्थची पट्टी, पट्टा, बल्ब अशा वस्तू आणताना जुना नमुना पिशवीत घालून न्यावा. पट्टीची लांबी आणि बोल्टच्या भोकाचा माप दुकानदाराला तोंडी सांगून पुष्कळदा चुकीचा माल येतो आणि परत एक हेलपाटा पडतो. लांबी जुन्यापेक्षा इंचभर जास्त असलेली चालते, कमी असलेली चालत नाही, कारण इंजिन हलते तेव्हा ती ताणून पुन्हा तुटते.